जमनीबाईचा चुडा

म्हातारी माणसं औषधाची वेळ चुकवतात, गप्पांची वेळ कधी चुकवत नाहीत. हे कुठल्याही नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. सरकारी नोकरीत असताना मला ते समजायला सवड नव्हती, आणि समजलं तेव्हा मी स्वतःच निवृत्त होऊन म्हातारपणाच्या उंबरठ्यावर उभी होते.

मी नर्स. नोकरी सगळी यवतमाळ जिल्ह्यात, त्यातली बरीचशी केळापूर तालुक्यात झाली. दवाखान्यातून लकव्याच्या म्हाताऱ्या पेशंटला घरी सोडताना आम्ही नातेवाइकांना बजावायचो, "दर दोन तासांनी कूस बदला बरं का." नातेवाईक मान डोलवायचे आणि आम्ही पुढच्या पेशंटकडे वळायचो. आता कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्याही गावात दुपारी जाऊन पाहा. घराघरात एखादं म्हातारं माणूस असतं, अंगणात कोंबड्या असतात, बाकी सगळं गाव वावरात. मग कूस बदलणार कोण, कोंबड्या?

माणूस एकाच कुशीवर पडून राहिलं की माकडहाडावरची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग उघडते. अशी जखम भरायला महिने जातात. ती होऊ नये म्हणून मात्र फक्त वेळेवर दोन हात लागतात. ते दोन हात सरकारी नोकरीत कधी मंजूर होत नाहीत. मी किती म्हाताऱ्यांना तशा कोरड्या सूचना देऊन घरी पाठवलं असेल, याची हळहळ आजही वाटते.

निवृत्तीनंतर आम्ही चारदोन जणांनी मिळून गावोगावचे असे हात शोधायला सुरुवात केली. त्यांना आम्ही 'स्वयंसेवक' म्हणतो. गावात तो शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. गावात त्यांना 'बसणारी बाई' आणि 'बसणारा भाऊ' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर तेच नाव जास्त बरोबर आहे. मी त्यांना शिकवते तेही एवढंच : आधी बसा, मग बोला, मग हात लावा.

सुरुवातीला आले ते बहुतेक फोटोवाले. केळी घेऊन यायचे, म्हाताऱ्याच्या हातात केळं द्यायचे, फोटो काढायचे आणि जायचे. एका आजीनं तर त्यातल्या एकाला विचारलंच, "केळं खाऊ का धरूनच ठेवू?" असे आपोआप गळाले. उरले त्यांत दोघं माझी खरी कमाई. एक गजाननभाऊ आणि दुसऱ्या नलूताई.

गजाननभाऊ एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. आयुष्यभर मागे वळून न बघता बोलायची सवय, त्यामुळे समोरासमोर बसून गप्पा मारायचं त्यांना जड जायचं. मी त्यांना सखारामबाबांकडे पाठवलं. सखारामबाबांची नजर पार गेलेली. शेती मुलाकडे. त्यांची मागणी एकच होती. कुणीतरी रोज बांधाबांधानं हिंडून यावं आणि कोणाच्या वावरात काय चाललंय ते त्यांना सांगावं. गजाननभाऊंना हे काम भलतंच आवडलं. रोज सकाळी फेरी मारायची आणि बाबांच्या खाटेजवळ बसून बातम्या द्यायच्या : अमक्याची तूर फुलावर आली, तमक्याच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, लाल्या रोग पडला. एके दिवशी गुडघा दुखत होता म्हणून गेले नाहीत आणि घरबसल्याच ठोकून दिलं, "नाल्याजवळच्या वावरात तूर झकास आहे."

बाबा म्हणाले, "तू गेलाच नाई आज. त्या वावरात यंदा तूर नाई, सोयाबीन पेरलं होतं, तेबी निंगालं. मले डोये नाई गजानन, पन गावात माह्या नावाचे कान लय आहेत."

तेव्हापासून गजाननभाऊ गुडघ्याला पट्टा बांधून जातात. सखारामबाबांची भूक वाढली, झोप सुधारली, आणि सून मला म्हणाली की आता ते सारखे हाक मारत नाहीत, वाट बघतात. हाक मारणं आणि वाट बघणं यातला फरक ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्या घराला सांगावा लागत नाही.

आता नलूताई. पन्नाशी ओलांडलेली शेतकरी बाई, घरचा कापूस, सोयाबीन, तूर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा शेती बघतो. कामात काटेकोर. हातात घेतलेली वस्तू घासूनपुसून जागच्या जागी ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांच्या गावाला लागूनच बंजारा समाजाचा तांडा आहे. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून देशभर हिंडणारी ही माणसं आता आपापल्या तांड्यांत शेती करतात, घरात गोर बोली बोलतात आणि बाहेर आपली वऱ्हाडी. त्या तांड्यात थावरूबाबा राठोड आणि त्यांची बायको जमनीबाई राहायची. जमनीबाईला लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तोंडातून एखादाच आवाज निघायचा. मुलगा-सून दिवसभर वावरात. मी नलूताईंना तिथं लावून दिलं.

त्यांचं छान जमलं होतं. नलूताई चार गोर शब्द शिकल्या. दारातून आत जाताना म्हणायच्या, "कूं छी याडी?" म्हणजे 'कशी आहेस आई?' आणि जमनीबाई डाव्या हातानं खाट बडवायची, म्हणजे 'बस'. नलूताई तिची कूस बदलत, पाठीला तेल लावत, उशी देऊन बसवत आणि बाटी, म्हणजे आपली भाकर, वरणात कुस्करून भरवत. थावरूबाबा दारात बसून हे सगळं बघायचे आणि मधूनमधून बायकोला चिडवायचे. त्या दोघांना लग्नानंतर एकमेकांपासून वेगळं राहायची वेळच आली नव्हती.

मग थावरूबाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. लेक कळंबला दिलेली. ती येऊन त्यांना घेऊन गेली. निघाले तेव्हा जमनीबाई झोपलेली होती, उगाच रडेल म्हणून कुणी उठवलं नाही. दोन दिवसांत परत यायचे होते. पण डॉक्टर म्हणाले, डोळ्यात धूळ जाता कामा नये, काही दिवस लेकीकडेच राहा. जमनीबाई दाराकडे बघायची आणि जो येई तो तिला हसून सांगायचा, "येते, येते, उद्या येते."

त्याच दिवसांत तिचा लुळा पडलेला उजवा हात सुजला. बंजारा समाजातल्या जुन्या बायका कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचा चुडा घालतात. पूर्वी तो हस्तिदंताचा असे, आता प्लॅस्टिकचा मिळतो. हात सुजल्यावर त्या बांगड्या मांसात रुतल्या. खाली कातडी ओली होऊन लाल पडली. मी शिकवलेलंच होतं की सुजलेल्या अवयवावर घट्ट काही ठेवू नये. नलूताईंनी एक सकाळ खर्ची घातली. साबण लावून, तेल लावून, फुंकर घालत त्यांनी एकेक बांगडी अलगद उतरवली. जखम पुसली, पावडर लावली. काम अगदी चोख झालं. मग त्यांनी पाहिलं की एका हातात चुडा आहे आणि दुसरा हात मोकळा. हे काही बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी डाव्या हातातलाही उतरवला. सगळ्या बांगड्या धुतल्या, पुसल्या, स्वच्छ फडक्यात बांधून खुंटीला टांगल्या. त्या गडबडीत जमनीबाई डाव्या हातानं खाट बडवत होती. नलूताईंना वाटलं, बस म्हणतेय. त्या म्हणाल्या, "झालंच याडी, बसते आता."

संध्याकाळी सून आली. ती आजकालच्या पिढीची, साडी नेसणारी, हातात काचेच्या बांगड्या. गाठोडं पाहून म्हणाली, "बरं झालं माय, हाताले आराम पडन."

दुसऱ्या दिवसापासून जमनीबाईनं खाणं सोडलं.

घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायची. पाणी गालावरून ओघळायचं. तोंड भिंतीकडे फिरवून पडून राहायची. मला बोलावणं आलं. मी गेले, बीपी घेतलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली. लकव्याच्या पेशंटला पुन्हा झटका येऊन गिळणं जाऊ शकतं, माझ्या डोक्यात तेच. मी सुनेला म्हणाले, "आज पोटात काही गेलं नाही तर उद्या यवतमाळला हलवावं लागेल. नाकातून नळी घालावी लागेल."

सुनेचा चेहरा पडला. "सिस्टरबाई, तिले एकडाव दवाखान्यात नेलं ना, तर ती वापस येत नाई. मले मालूम आहे."

मलाही मालूम होतं. या वयात, अशा शरीरात, नळी घातलेलं माणूस किती दिवस टिकतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे. मी बाहेर अंगणात येऊन बसले. सुनेनं चहा ठेवला. आत नलूताई बसून होत्या. भरवत नव्हत्या, बोलत नव्हत्या, नुसत्या बसून होत्या. नर्स म्हणून एवढा वेळ मी कधी कुणाजवळ बसले नसते. माझ्याकडे पुढचा पेशंट असायचाच.

चहा निम्मा झाला असेल, तोच आतून हाक आली. "सिस्टरबाई, इकडे या जरा."

मी आत गेले. नलूताई जमनीबाईवरची नजर न काढता म्हणाल्या,

"बुढी बिमार नाई. बुढी विधवा होऊन बसली."

"काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"तिचा हात पाहा ना तुम्ही."

जमनीबाईचा डावा हात उजव्या दंडावरून फिरत होता. खाजवल्यासारखा नाही. वरून खाली, पुन्हा वरून खाली, जिथं बांगड्या होत्या तिथं. मी तो हात सकाळपासून पाहत होते. मला वाटलं होतं, जखम चुरचुरत असेल.

नलूताई म्हणाल्या, "आमचे हे गेले ना, तवा मीबी असाच हात चोळत होती. महिनाभर. मनगट मोकळं मोकळं लागे. यायच्यात नवरा गेल्यावरच चुडा उतरवते ना व?"

सून दारात उभी होती. तिच्या हातातला कप तसाच राहिला. "हो न व माय," ती म्हणाली, "माह्या ध्यानातच नाई आलं."

येणार तरी कसं? आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की थावरूबाबा कळंबला लेकीच्या घरी मजेत शिरा खाताहेत. ज्यांना ते जिवंत असल्याचं ठाऊक होतं, त्यांपैकी कुणालाही तो मोकळा हात दिसला नाही. आणि जिला ठाऊक नव्हतं तिला जीभ नव्हती. ती झोपेत असताना म्हातारा निघून गेला, आला नाही, जो तो हसून 'उद्या' म्हणतो, आणि एका सकाळी चुडा उतरवला. तिनं दुसरं काय समजायचं होतं?

आम्ही तिला ओरडून ओरडून सांगितलं. ती भिंतीकडेच बघत राहिली. अशा वेळी सगळेच खोटं बोलतात, हे तिनं आयुष्यात पाहिलेलं असणारच. मग सुनेला व्हिडिओ कॉल सुचला. आता त्या तांड्यात मोबाईलला रेंज येते ती विहिरीजवळच्या बाभळीखाली. घरात फोन आणला की थकतो. थावरूबाबा पडद्यावर आले, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. "ए जमनी! जीवतो छू!" 'जिवंत आहे मी', एवढं ऐकू आलं आणि चित्र थिजलं. जमनीबाईसमोर तिच्या नवऱ्याचा एक न हलणारा फोटो उभा राहिला. फक्त हार घालायचा बाकी होता. तिनं डोळे मिटून घेतले.

मी गजाननभाऊंना फोन केला. ते तेव्हा सखारामबाबांना बांधांचा अहवाल देत होते. मागून बाबांचा आवाज आला, "जाय बे, वावरं काही पयून नाई जात." गजाननभाऊ आपली जुनी गाडी घेऊन निघाले. मी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून परवानगी घेतली. काचा बंद ठेवा, चष्मा काढू नका, डोळा चोळू नका. कळंबहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा आणि तिथून आत तांडा, हा रस्ता थोडाथोडका नाही. गजाननभाऊंनी नंतर सांगितलं की ते पोचले तेव्हा म्हातारा जोडे घालून ओट्यावर बसलेला होता. लेक 'जेवून जा' म्हणत होती, तर तो म्हणाला, "तिथं बुढी उपाशी हाये ना."

ऊन कलताना गाडी तांड्यात शिरली. तोवर अर्धा तांडा अंगणात जमला होता. थावरूबाबा दारात आले आणि तिथंच थांबले. एका डोळ्यानं त्यांना बायकोचे उघडे दंड दिसले.

"चुडा कोनं काढला?"

नलूताई पुढं झाल्या. "मीनं काढला बाबा. हात सुजला होता. दुसऱ्या हातातला काढाचं काही काम नव्हतं, तो बी मीनंच काढला."

बाबा खाटेच्या काठावर बसले आणि जमनीबाईचा डावा हात उचलून त्यांनी आपल्या तोंडावर ठेवला. तिनं डोळे उघडले नाहीत. तिची बोटं आधी दाढीच्या खुंटांवरून गेली, मग मिशीवरून, मग कानाच्या पाळीवरच्या जुन्या छिद्रावर थांबली. मग डोळे उघडले. तो काळा चष्मा बघून ती क्षणभर चमकली, आणि त्याच डाव्या हातानं तिनं म्हाताऱ्याच्या गालावर एक चापट मारली. चांगली आवाज येईल अशी.

अंगणातली सगळी माणसं हसायला लागली. मी हसत होते आणि माझे डोळे वाहत होते. नलूताई मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या, नजर खुंटीवरच्या गाठोड्याकडे.

तांड्यातल्या बायकांनी जमनीबाईच्या डाव्या हातात पुन्हा चुडा भरला, गाणी म्हणत. थावरूबाबांनी बाटी कुस्करून घास उचलला आणि तिला झोपल्या झोपल्याच भरवायला लागले. तेव्हा माझ्यातली नर्स जागी झाली. "आधी उठवून बसवा तिला! ठसका लागेल!" मी अशी काही ओरडले की गाणं थांबलं. तिला बसवलं. तिनं तो घास खाल्ला, मग दुसरा, मग तिसऱ्या घासाला स्वतःच तोंड उघडलं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती सभांमध्ये सांगत हिंडले असते. पण दुसऱ्या दिवशी नलूताई आल्याच नाहीत. मी घरी गेले तर म्हणाल्या, "मले नका पाठवू आता कोनाच्या घरी. माह्या हातानं बुढी मरत होती." मी समजावलं की चुडा काढणं बरोबरच होतं, नाहीतर हात सडला असता. मी हेही सांगितलं की तुम्ही बसून राहिलात म्हणून ती वाचली. त्या ऐकून घेत होत्या आणि तूर निवडत होत्या. नर्सच्या शब्दाचा काही उपयोग झाला नाही.

काही दिवसांनी थावरूबाबा चष्मा लावून, तुरीच्या हिरव्या शेंगांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. "बाई, बुढी दरवाजाकडे पाहून राह्यली," ते म्हणाले. "मी तर घरातच हावो. मंग कोनाची वाट पाहून राह्यली असन?"

नलूताई गेल्या. दारातून "कूं छी याडी" म्हणायच्या आतच जमनीबाईनं डावा हात वर करून चुडा खळखळ वाजवला. 'पाहा, आहे जागेवर.' मग तो त्यांचा रोजचा खेळच झाला. नलूताई दारात आल्या की ती चुडा वाजवायची, आणि नलूताई दोन्ही हात मागे बांधून म्हणायच्या, "नाई लावत व माय हात, नाई लावत!" उजव्या हाताची सूज उतरली, पण त्या हातात तिनं चुडा पुन्हा घालू दिला नाही. उरलेल्या बांगड्या त्याच फडक्यात, त्याच खुंटीला राहिल्या. माझ्या शिकवण्यात मी एक वाक्य वाढवलं : काही काढण्याआधी, ते काय आहे हे घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

त्यानंतरचं वर्ष दोघांनी छान काढलं. मग थंडीत थावरूबाबा गेले. दुखणं नाही, काही नाही, सकाळी अंगणात ऊन खात बसले होते तिथंच.

मी पोचले तेव्हा घरात तांड्यातल्या विधवा बायका जमल्या होत्या. चुडा त्यांनीच उतरवायचा असतो. पण जमनीबाई चुड्याचा डावा हात पोटाशी धरून बसली होती, कुणाला शिवू देत नव्हती. बायका विनवत होत्या, सून रडत होती. कुणी म्हणत होतं, बुढीला समजलंच नाही. एवढ्यात नलूताई आल्या. वावरातून तशाच धावत आलेल्या, पदराला कापसाचे धागे. दारात थबकल्या. त्यांनी सवयीनं दोन्ही हात मागे नेले.

जमनीबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिनं चुडा वाजवला नाही. पोटाशी धरलेला हात सोडवून खाट बडवली. नलूताई जवळ जाऊन बसल्या. तेव्हा जमनीबाईनं तोच हात त्यांच्यापुढे केला.

तांड्याची नसलेली, दुसऱ्या समाजाची ती बाई. पण त्या म्हाताऱ्या विधवांपैकी कुणीही हरकत घेतली नाही. उलट त्यांनी सरकून जागा केली. नलूताईंनी हाताला तेल लावलं आणि एकेक बांगडी उतरवली, फुंकर घालत, पहिल्यासारखीच. या वेळी प्रत्येक बांगडीच्या आधी त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "काढू याडी?" आणि जमनीबाई मान हलवायची.

बांगड्या संपल्यावर दोघी बराच वेळ बसून राहिल्या. जमनीबाईचा हात नलूताईंच्या मोकळ्या मनगटावर होता. मला वाटत होतं, आता ही पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार. नळीचा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

संध्याकाळी शेजारच्या घरून बाटी आणि वरण आलं. नलूताईंनी तिला उशी देऊन बसवलं, घास कुस्करला आणि तोंडाशी धरला. जमनीबाईनं तो घास त्यांच्या हातातून काढून घेतला. वेडावाकडा, सांडत, त्यातला अर्धा तिनं नलूताईंच्या तोंडात घातला आणि उरलेला स्वतः खाल्ला.